आंघोळ घातलेली फौज

मला रंगकाम करायला कारखाना बंद लागायचा. हंगाम चालू असला की पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत दिवसभर जळक्या चिपाडांची काजळी पडत राहायची. दोरीवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर, अंगणातल्या पापडांवर, झाकण ठेवायला विसरलं तर ताकावरसुद्धा. ओल्या रंगावर तर ती हटकून बसायची. बोटाच्या पेराएवढ्या घोडेस्वाराच्या पिवळ्या फेट्यावर एक कण बसला आणि तो पुसायला गेलं की फेटाच काळा. म्हणून पट्टा पडला, म्हणजे शेवटचा ऊस गाळून कारखाना थांबला, की बाकीची पोरं सुट्टीला गावोगाव पळायची आणि मी पत्र्याच्या डब्यातून माझी फौज बाहेर काढायचो. भोंगा मुका झालेला असे, मळीचा आंबूस वास तेवढा हवेत राही, आणि स्वयंपाकघरातून मावशी विचारी की आज कोणाकोणाला हळद लागणार. माझ्या शिपायांना रंग लावणं म्हणजे त्यांना लग्नाची हळद लावणं, अशी तिची थट्टा होती. मी मोठा सेनापती, त्यामुळे अशा थट्टेला उत्तर देत नसे.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. आम्ही कोरीटचे. गावातली शाळा सातवीत संपली तेव्हा आईनं माझी पिशवी भरली आणि मला मावशीकडे आणून सोडलं, कारण कॉलनीला लागून हायस्कूल होतं आणि मावशीला मूल नव्हतं. यातलं दुसरं कारण कोणी बोलून दाखवत नसे. मावसा कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरायचं त्यांचं काम. माणूस इतका कमी बोलणारा की दिवसाचे शब्द कारखान्यातच जमा करून येतो की काय असं वाटे. त्यांची भरपाई मावशी करायची. ती भाकरी थापताना बोलायची, तूर निवडताना बोलायची, एकटी असली तर चुलीवरच्या कढीशी बोलायची. पहिल्या वर्षी मी गावाच्या आठवणीनं पांघरूण तोंडात धरून रडत असे. ती काही विचारत नसे. माझ्या उशाशी बसून शेजारणीच्या म्हशीची गोष्ट सुरू करायची, आणि त्या म्हशीचं पुढं काय झालं हे ऐकता ऐकता मला झोप लागायची.

फौजेची सुरुवात सारंगखेड्याच्या यात्रेत झाली. तिथं घोड्यांचा बाजार भरतो हे आमच्याकडच्या पोराला सांगावं लागत नाही. मावशीनं मला भांड्यांच्या आणि खेळण्यांच्या दुकानांतून फिरवलं आणि एक प्लास्टिकच्या शिपायांचं पाकीट घेऊन दिलं. हिरवट रंगाचे, एकाच साच्यातले, काहींच्या तलवारी अर्ध्या मुडपलेल्या. दुसऱ्या पाकिटात घोडेस्वार होते आणि घोडे चक्क निळे. घोडा निळा नसतो एवढं तर मला कळत होतं. मी बाजारात परत गेलो आणि खऱ्या घोड्यांसमोर उकिडवा बसलो. कोणाच्या पायाला पांढरे मोजे आहेत, अबलख घोड्याचे डाग मानेवर कसे उतरतात, आयाळ मुळाशी काळी असते की टोकाला, हे सगळं बघत राहिलो. मावशीला वाटलं मी हरवलो. ती मला शोधत आली, एक धपाटा घातला, आणि मग स्वतःही शेजारी बसून घोडे बघू लागली. पुढच्या प्रत्येक यात्रेत आम्ही दोघं असेच बसत असू.

शहाद्याच्या दुकानात पोस्टर कलरच्या बाटल्या मिळत. ते रंग प्लास्टिकवर धरत नसत, वाळले की खपली निघे. बऱ्याच शिपायांची सालं निघाल्यावर मी रंगात बाभळीचा डिंक कालवायला शिकलो. आधी शिपाई राखेनं घासायचा, मग डिंकाचा हात, मग अंगरखा, मग चेहरा. मोडलेल्या भाल्यांच्या जागी खराट्याच्या काड्या आल्या, ढालींना चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद. दोन फौजा होत्या, पिवळ्या फेट्यांची आणि लाल फेट्यांची, आणि दोन्हींचा सेनापती मीच, त्यामुळे लढाई नेहमी बरोबरीत सुटायची. आज माझ्याकडे भिंग लावलेला दिवा आहे, कुरिअरनं येणारे रंग आहेत, आणि नाशिकमध्ये महिन्यातून एकदा जमून टेबलावर लढणारी पाच-सात पिकल्या केसांची माणसं आहेत. कुरिअरवाला दारात आला की आमची सौ. त्याला विचारते, दारूगोळा आणलास का बाबा. पण राखेनं घासलेल्या त्या हिरव्या प्लास्टिकवर पहिल्यांदा न सुटणारा पिवळा रंग बसला, तेव्हा जो आनंद झाला तो आता डब्या उघडून शोधावा लागतो.

दीक्षितसाहेब मला नंदुरबारला भेटले. मावसा वर्षाची मिरची घ्यायला गेले होते, मी सोबत होतो. बाजारात मिरचीचे ढीग लागलेले, आख्खा रस्ता शिंकत होता. मी मावशांच्या परवानगीनं एका स्टेशनरीच्या दुकानात शून्य नंबरचा ब्रश मागायला शिरलो. दुकानदार म्हणाला की असा ब्रश मागणारा या गावात एकच वेडा आहे आणि तो तुझ्या मागंच उभा आहे. मागं रेल्वेचे गार्ड उभे होते. उंच, चष्मा, पांढरा युनिफॉर्म. त्यांनी मला ब्रश कशासाठी हवा हे विचारलं आणि माझं उत्तर ऐकून ते आम्हाला सरळ आपल्या क्वार्टरवर घेऊन गेले. आत एका मोठ्या टेबलावर हिरवं कापड, कापडाखाली पुस्तकं सरकवून केलेल्या टेकड्या, आणि त्यावर शिशाच्या शिपायांच्या रांगा. प्रत्येकाला बटणं होती. एका बाजूला टेप आणि फासे. किती इंच चालायचं, कुठून बाण पोचतो, कधी फौज घाबरून पळते, सगळ्याचे नियम ठरलेले. माझ्यासारखा आणखी एक माणूस जगात आहे हे मला त्या दिवशी कळलं. मिरचीनं डोळे आधीच लाल होते म्हणून बरं, नाहीतर मावशांनी विचारलं असतं.

त्यानंतर मावसा नंदुरबारला निघाले की मी स्टँडवर जाणाऱ्या त्यांच्या सायकलच्या आधी फाटकाशी उभा. साहेबांनी मला नियम शिकवले. त्यातला एक त्यांनी हसत सांगितला, पण तो ते काटेकोर पाळत. बिनरंगाचा शिपाई टेबलावर येत नाही. मग उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. श्रावण संपायच्या आत ते भुसावळला जाणार होते. जाण्याआधी एक खरी लढाई खेळू, म्हणाले, तुझी पिवळ्या फेट्यांची फौज आणि माझी शिशाची. रविवार ठरला. वरून लावायचं वॉर्निश, म्हणजे रंग कायमचा पक्का होतो, ते त्यांनी एका लहान डबीत भरून दिलं आणि बजावलं की सगळं रंगकाम संपल्यावर शेवटचा हात म्हणून लाव. मी तसंच ठरवलं. फौज पूर्ण झाली होती, चेहरे झाले होते, एकेका डोळ्यात सुईच्या टोकानं काळा ठिपका दिला होता. वॉर्निशचा हात तेवढा शनिवारवर ठेवला.

लढाईच्या आधीच्या रविवारी कानबाई आली. आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते. नारळालाच देवी करतात. नथ घालतात, लुगडं नेसवतात, आणि काजळानं डोळे काढतात. कॉलनीत हे डोळे काढायला मावशीला बोलवत, कारण तिच्या हाताला थरथर नव्हती. एका काडीवर काजळ घेऊन ती श्वास रोखायची आणि एका ओढीत कानापर्यंत जाणारा डोळा काढायची. डोळे काढले की देवी जागी झाली. मग दोन्ही वेळा निवेद, गाणी, फुगड्या, आणि सोमवारी नदी. मावशीच्या सासरची रीत अशी की नारळ नदीत सोडायचा नाही. त्याला आंघोळ घालायची, डोळ्यांतलं काजळ धुवायचं, हळदकुंकू लावायचं, आणि परत घरी आणून कापडात गुंडाळून ठेवायचं. डोळे धुतले की देवी निजली. उघड्या डोळ्यांचं काही पूजेशिवाय घरात तसंच उभं ठेवायचं नसतं. त्या रविवारी देवी बसली ती माझ्याच खोलीत, आणि तिच्या मागच्या फळीवर माझी फौज उभी होती. गाणी म्हणायला आलेल्या बायकांनी कौतुक केलं. मी अभ्यासाचं पुस्तक पुढं धरून ते कौतुक कान टवकारून ऐकलं.

सोमवारी शाळेतून आलो तेव्हा घरात धुपाचा वास होता आणि मावशीचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गोमाई नदीवर जाऊन आल्या होत्या. खोलीत चौरंग रिकामा होता. फळीही रिकामी होती. खाली पितळी ताटात स्वच्छ धुतलेल्या पंच्यावर माझी फौज रांगेनं आडवी निजवली होती. हिरवं प्लास्टिक, निळे घोडे. पिवळा फेटा एकही नाही. अंगरखे नाहीत, चेहरे नाहीत, अबलख घोड्याचे डाग नाहीत. नदीच्या बारीक वाळूनं घासून पदरानं पुसलेले, लखलखीत. आणि प्रत्येकाच्या कपाळावर, घोड्यांच्यासुद्धा, हळदीकुंकवाचं एकेक बोट. मावशी दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर एखादं मोठं काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं.

माझा आवाज नको इतका मोठा निघाला. मी म्हणालो, “ह्या देव नही शेत, मावशी. ह्या शिपाई शेत.”

ती गोंधळली. तिनं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“मंग त्यास्ले डोया कसाले काढात तू?” तिनं विचारलं.

मग डोळे कशाला काढलेस, हे तिनं भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. ज्याला डोळे काढले ते जागं झालं, आणि जे जागं झालं त्याला आंघोळ घालून परत घरी आणून निजवायचं, हे तिच्या हिशेबात इतकं उघड होतं की माझी फौज फळीवर डोळे उघडे ठेवून उभी सोडून देवीला एकटीला नदीवर न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. रंग सुटू लागला तेव्हा जुनं काजळ निघतंय असंच तिला वाटलं. हे मला आज सांगता येतं. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी ताट पलंगाखाली सरकवलं आणि त्या क्षणापासून मावशीशी बोलणं बंद केलं.

बोलक्या माणसाशी अबोला धरणं ही काय शिक्षा असते ते मी त्या आठवड्यात पाहिलं. ती ताटात वाढताना विचारायची, मी मान हलवायचो. ती शेजारणीची, सोसायटीची, कोणाच्या मुलीच्या सोयरिकीची बातमी सांगायची आणि मध्येच थांबायची. मावशांनी तिला बाहेर ओट्यावर नेऊन काय झालं ते सांगितलं असावं, कारण आत आली ती चुलीपुढं बसली आणि कढी ढवळत राहिली. कढीशीसुद्धा बोलली नाही. ते पाहून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं, पण तोंड काही उघडलं नाही. रविवारची लढाई हुकली असंच मी धरून चाललो होतो. साहेबांना कळवायला पत्र टाकलं तरी ते पोचेपर्यंत रविवार उलटला असता.

मंगळवारी दुपारी मी ताट बाहेर ओढलं आणि कपाळाचं कुंकू पुसून पहिला शिपाई राखेनं घासायला घेतला. रविवारपर्यंत होतील तेवढे होतील, असं म्हणून बसलो होतो. मावशी आली, समोर मांडी घालून बसली, आणि दुसरा शिपाई उचलून घासायला लागली. मी मना केलं नाही कारण मना करायला बोलावं लागलं असतं. मग रोज शाळेतून आलो की हेच. मी डिंकात रंग कालवायचो, ती घासलेले शिपाई उन्हाच्या पट्ट्यात मांडायची. पावसाळी हवेत रंग वाळत नसे, तर ती चुलीच्या उबेला पाट ठेवून त्यावर त्यांना उभं करायची आणि पलटवत राहायची, पापड भाजावेत तसं. फेटे झाले, अंगरखे झाले, घोडे झाले. चेहऱ्यांपाशी आलो तेव्हा शुक्रवार होता आणि माझा हात थकला होता. पहिल्या दोघांचे डोळे गालावर उतरले. तिनं माझ्या हातातला शिपाई काढून घेतला, काजळाची डबी आणली, काडी टोकदार केली आणि श्वास रोखला. एक ओढ. मग दुसरी. शिपायाच्या इवल्या चेहऱ्यावर कानापर्यंत जाणारे दोन डोळे उघडले. शिपायाला असे डोळे नसतात, हे मला बोलायचं होतं. पण अबोला होता. अशा रीतीनं माझ्या आख्ख्या फौजेला, आणि तिला राहवेना म्हणून घोड्यांनाही, कानबाईचे डोळे आले. शनिवारी मी वॉर्निश लावलं.

रविवारी मावशांना कारखान्याच्या दुरुस्तीवर बोलावणं आलं, तर मावशी म्हणाली मी येते. एसटीत तिनं फौजेचा डबा मांडीवर घेतला, दुसरा जेवणाचा डबा पायाशी. प्रकाशा गावच्या पुलावर गाडीनं धक्का खाल्ला तेव्हा तिनं दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. मी खिडकीबाहेर तापी बघत होतो. मला धास्ती एकच होती. साहेब त्या डोळ्यांना हसतील आणि मला मावशीच्या देखत त्यांच्या हसण्यात हसावं लागेल.

साहेबांनी मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग एकेक शिपाई उचलून भिंगाखाली धरला. सगळी रांग संपवली. मग म्हणाले, “हे माझ्याकडं बघतायत रे.” त्यांनी माझ्या फौजेला टेबलाच्या त्यांच्या बाजूनं वाकून पुन्हा एकदा पाहिलं आणि टेप उघडला. हसले नाहीत. लढाई सुरू झाली. मी टेकडी धरली, घोडेस्वार उजवीकडून काढले, आणि मला वाटलं तेवढं काही ते सोपं गेलं नाही. साहेबांचे फासे बरे पडत होते. पडलेला शिपाई टेबलावरून काढून बाजूला ठेवायचा असतो. साहेब माझा एकेक गडी उचलून खोक्याच्या झाकणात टाकू लागले, आणि मावशीनं खुर्ची पुढं ओढली. झाकणातला प्रत्येक शिपाई ती उचलून घ्यायची, उलटसुलट करून कुठं लागलं का ते बघायची, आणि पदराच्या ओच्यात घालायची. मी डोळे वटारले. तिनं लक्ष दिलं नाही. साहेब पाहत होते. पुढंपुढं त्यांनी झाकण बाजूला सारलं आणि पडलेला गडी सरळ तिच्या हातात द्यायला सुरुवात केली.

दुपार कलली तेव्हा टेकडीवर माझा एकच स्वार उरला होता. शेवटचा फासा पडला आणि तोही गेला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, हरलास, पण टेकडी छान धरलीस, पोरा. मला रडू आलं होतं ते हरण्याचं होतं का सगळ्या आठवड्याचं होतं, कोण जाणे. मी खाली मान घालून टेपची गुंडाळी करत होतो.

“हारना कसा?” मावशी म्हणाली. ती साहेबांना विचारत होती, आणि तिच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं. “बठ्ठा घर येई ऱ्हायनात ना.” सगळे घरी येताहेत की. तिनं ओचा उघडून दाखवला. आत माझी फौज एकमेकांवर पडली होती आणि सगळे डोळे उघडे होते. मग तिनं मोजायला घेतलं, पुन्हा मोजलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“एक कमी शे,” ती म्हणाली. “त्याले सोडीसन कशी जाऊ मी?”

साहेब चष्मा काढून टेबलाखाली शिरले. मी पलंगाकडून गेलो, ती कपाटाकडून. लढाई जिंकलेला, मालगाड्या सोडणारा, बटणं रंगवणारा तो उंच माणूस गुडघ्यांवर रांगत पलंगाच्या मागं हात घालत होता, आणि मावशी त्याला सांगत होती की भिंतीकडं पाहा, भिंतीकडं. सापडला तो साहेबांनाच. धुळीनं माखलेला भालाईत. त्यांनी तो आधी आपल्या बाहीला पुसला आणि मग दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरला. मावशीनं घेतला, ओच्यात घातला आणि कितीतरी वेळ अडवून धरलेला श्वास सोडला.

मी अजून जमिनीवरच बसलो होतो. माझ्यातला सेनापती केव्हा आणि कुठं गेला ते मला कळलं नाही.

“मावशी,” मी म्हणालो, “भूक लागनी.”

सोमवारनंतर मी तिच्याशी बोललेले ते पहिले शब्द. ती जेवणाचा डबा जवळ ओढून झाकण काढायला लागली, पण ते निघेना, कारण एका हातानं तिनं ओचा घट्ट धरून ठेवला होता. तो तिला सोडवत नव्हता. मग डबा मी उघडला.